वर्गातील नवा फळा व सुताचा लंबक

दोन वर्षांपूर्वी शाळा उघडली त्या दिवशी आमच्या नववीच्या वर्गातील जुना काळा फळा भिंतीवरून उतरला आणि त्याच्या जागी विजेवर चालणारा, बोट लावताच उमटणारा असा भला मोठा पडदा येऊन बसला. मुले त्यास स्मार्ट बोर्ड म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. त्याच्या आगमनाने आम्हांस आनंद झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. खडूच्या धुळीत ज्याची वीस वर्षे गेली त्या शिक्षकास, फुप्फुसाची आकृती काढण्यात अर्धा तास न घालविता तेच फुप्फुस हालताना मुलांस दाखविता यावे, ही गोष्ट काही लहान नव्हे. परंतु गेल्या पालकसभेत एका सद्गृहस्थांनी उभे राहून जो प्रश्न केला, त्याने आम्हांस विचारात पाडले. ते म्हणाले, "सर, आता प्रयोग तर सगळे पडद्यावरच दिसतात. मग प्रयोगशाळेची खोली अडवून कशाला ठेवता? तिथं दहावीचा आणखी एक वर्ग बसवा की." सभेत अनेकांनी माना डोलाविल्या. इतवारीसारख्या दाट वस्तीत, जेथे हातभर जागेलाही मोल आहे, तेथे असा प्रश्न निघणे स्वाभाविकच होय. त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते या वार्षिकाच्या द्वारे देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगितली पाहिजे.

नववीच्या मुलांस लंबकाचा आंदोलनकाल शिकवावयाचा होता. स्मार्ट बोर्डावर एक तयार लंबक असतो. बोटाने त्याची दोरी लांब करावी, आखूड करावी. गोळा जड करावा, हलका करावा. बाजूच्या चौकटीत सेकंद आपोआप उमटतात. मुले एकेक करून पुढे आली व मनसोक्त खेळली. एक मीटर दोरीच्या लंबकास एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे दोन सेकंद लागतात, पाव मीटरच्या दोरीस त्याच्या निम्मा वेळ लागतो, आणि गोळ्याच्या वजनाने काहीच फरक पडत नाही, हे त्यांनी अर्ध्या तासात ओळखले. सर्वांच्या वह्या भरल्या. तास उत्तम झाला अशी आमची समजूत झाली.

पुढील आठवड्यात, केवळ उजळणी म्हणून, आम्ही प्रयोगशाळेत मुलांच्या बारा टोळ्या पाडल्या. प्रत्येक टोळीस सूत, मोजपट्टी व एक स्टॉपवॉच दिले. टांगावयासाठी मुलांनी घरून दाराची जड कुलपे आणिली होती. एक मीटर सूत घ्यावे, त्यास कुलूप बांधावे, दहा हेलकाव्यांचा वेळ मोजावा, एवढेच काम. अकरा टोळ्यांनी २०.१ सेकंद असे लिहून आणिले. बाराव्या टोळीच्या वतीने एक मुलगी आली व खाली मान घालून म्हणाली, "सर, आमचं चुकलं. आमचे २०.७ येतात. तीनदा मोजले." आम्ही घाईत होतो. "पुन्हा करा," एवढेच आम्ही म्हणालो. ती गेली आणि पाच मिनिटांत २०.१ असे लिहून घेऊन आली.

सायंकाळी खोली बंद करावयास गेलो तो त्या मुलींचे कुलूप अजून सुताला लोंबत होते. सहज म्हणून आम्ही स्वतः मोजले. २०.७ भरले. पुन्हा मोजले; पुन्हा तेच. मग मोजपट्टी लाविली आणि उलगडा झाला. सूत गाठीपर्यंत बरोबर एक मीटर होते. परंतु कुलपाचे वजन काही गाठीत नसते, ते कुलपाच्या पोटात, गाठीच्या सुमारे सहा सेंटीमीटर खाली असते, आणि लंबकाची लांबी तेथपर्यंत धरावी लागते. म्हणजे तो लंबक एक मीटरचा नव्हताच. एक मीटर सहा सेंटीमीटरचा होता, व त्याच्या दहा हेलकाव्यांस गणिताने २०.७ सेकंदच लागतात. त्या मुलींच्या हाताने व डोळ्यांनी अचूक काम केले होते.

बाकीच्या अकरा टोळ्यांनीही कुलपे तशीच बांधिली होती. त्यांचे २०.१ कोठून आले? दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गापुढे त्या मुलीची व तिच्या सोबतिणींची क्षमा मागितली आणि मग इतरांस, रागे न भरता, हा प्रश्न विचारला. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी एक मुलगा म्हणाला, "सर, आमचे २०.६ आले होते. पण बोर्डावर २०.१ येतं, म्हणून आम्हाला वाटलं की आमचंच बोट उशिरा पडलं असेल." त्याने लबाडी केली असे आम्हांस वाटत नाही. त्याने आपल्या डोळ्यांस खोटे ठरविले व पडद्यास खरे मानले, आणि असे करण्यात आपण नम्रपणाच दाखवीत आहो अशी त्याची प्रामाणिक भावना होती. आम्हांस भय वाटते ते याचेच. लबाडी ओळखता येते व सुधारता येते. परंतु आपण स्वतः पाहिलेल्यावर ज्याचा विश्वास उडाला, त्यास शिकवावयाचे तरी कशाच्या आधारावर?

या ठिकाणी स्मार्ट बोर्डावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो की, प्रयोगवहीत गतवर्षीच्या वहीवरून निरीक्षणे उतरवून घेण्याची विद्या त्याने आणलेली नाही. ती आमच्या विद्यार्थिदशेतही होती, व आम्हांसही येत होती. फरक इतकाच की, जुन्या वहीवरून उतरविताना आपण उतरवीत आहो हे मुलास ठाऊक असे. पडद्यावरील लंबक हालतो, बोलाविल्यास थांबतो, सोडल्यास चालतो. त्यामुळे आपण प्रयोग केला असा भास होतो. वास्तविक त्या लंबकात कोणीतरी अगोदरच उत्तर घालून ठेविले आहे. त्याच्या सुताला पीळ नाही, त्याच्या कुलपाला पोट नाही, त्यास वारा लागत नाही. तो कधीच चुकत नाही, आणि म्हणूनच कोणाची चूक कोठे झाली हे तो दाखवू शकत नाही.

आमच्या पालकांपैकी अनेकजण इतवारीतील व्यापारी आहेत. त्यांस ही गोष्ट आम्ही शिकवावी असे नाही. धान्याच्या घाऊक बाजारात पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर गहू काढतात, तळहातावर पसरतात, दोन दाणे दाताखाली धरतात, आणि मग भाव बोलतात. आजकाल मालाचे छायाचित्र मोबाईलवर येते हे खरे. तथापि त्या छायाचित्रावर पोत्यांच्या राशीचा सौदा कितीजण करतील? सराफ्यातही इलेक्ट्रॉनिक काटा आला, परंतु कसोटीचा दगड काही कोणी फेकून दिला नाही. दुकानात गल्ल्याशेजारी बसून तुमचा मुलगा जे शिकतो ते वस्तूला हात लावून शिकतो, व ते त्याच्या अंगी मुरते, हे तुम्ही रोज पाहता. मग त्याच मुलाने शाळेत मात्र सर्व काही चित्रावरून शिकावे, असा आग्रह का?

हा विचार आमच्या डोक्यातून नवा निघालेला नव्हे. नागपूरची भूमी त्यास फार जुनी परिचित आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली येथे आले व पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढिली. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून चालू आहे. परंतु त्यांच्या हातात पुस्तकाइतकाच हातोडाही असे, ही गोष्ट त्या कॉलेजात शिकलेल्या आमच्यासारख्यांसही पुष्कळ उशिरा कळते. टाकळीच्या परिसरात व सीताबर्डीच्या टेकडीवर काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये जो गाळाचा थर आहे, तो फोडून त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी गोड्या पाण्यातील शंखशिंपले, फळे, बिया व लाकूड यांचे अश्मीभूत अवशेष जमविले, आणि त्यांवरून नागपूरच्या भूरचनेचे वर्णन लिहून लंडनच्या भूशास्त्रज्ञांपुढे मांडले. लाव्हाचा एक लोंढा येऊन गेल्यावर मध्यंतरी येथे तळी होती, झाडे होती, गोगलगायी होत्या, आणि मग दुसरा लोंढा आला, हे त्यांनी येथल्याच दगडांतून वाचले. १८६३ साली टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. आज डेक्कन ट्रॅपचे लाव्हारस पसरतानाचे सुंदर चलच्चित्र आम्ही दोन मिनिटांत पडद्यावर दाखवू शकतो, व दाखवितोही. परंतु सीताबर्डीची टेकडी शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर असून, तिच्या काळ्या दगडाचा तुकडा आमच्या कित्येक मुलांनी हातात धरून कधी न्याहाळलेला नाही.

येथून जवळच, वर्ध्यास, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. टकळीवर सूत काढताना त्या सुताच्याच आधाराने मुलाने गणित शिकावे, ही त्यातील कल्पना. ती योजना पुढे का रोडावली याची चर्चा येथे नको. टकळी हेही एक यंत्रच होते, एवढे मात्र ध्यानात घ्यावे. यंत्र म्हटले की अनुभवाचा शत्रू, असे गांधीजींच्या योजनेतही नव्हते. प्रश्न यंत्र कोणाच्या हातात आहे, याचा होता.

आणखी एक उदाहरण आम्हांस विशेष प्रिय आहे. नागपूरहून इटारसीच्या मार्गाने गेले म्हणजे पुढे होशंगाबाद लागते. आता त्यास नर्मदापुरम म्हणतात. तेथे १९७२ साली किशोर भारती व क्वेकर पंथीयांनी स्थापिलेले रसूलिया येथील केंद्र या दोन संस्थांनी सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू केला. खेड्यातील मुलांनी स्वस्त साहित्याने स्वतः प्रयोग करावयाचे, आलेली निरीक्षणे वर्गात मांडावयाची, व त्यांवर वाद करून निष्कर्ष काढावयाचा. परीक्षेतही पुस्तक उघडून बसण्याची मुभा असे, कारण पाठांतर तपासावयाचेच नव्हते. पुढे एकलव्य या संस्थेने तो चालविला. तीस वर्षांनंतर, २००२ साली, सरकारी आज्ञेने तो बंद झाला. तो चालू असता त्या जिल्ह्यातील मुलास, "तुझे निरीक्षण इतरांहून वेगळे का आले?" असा प्रश्न शिक्षक विचारीत, "पुन्हा करा" असे म्हणून त्यास वाटेला लावीत नसत. आमच्या त्या कुलपाच्या दिवशी हे आम्हांस आठवले असते तर बरे झाले असते.

आता यंत्राची दुसरी बाजू. त्या प्रकरणानंतर आम्ही लंबकाचा प्रयोग पुन्हा केला, आणि या वेळी मोबाईल पडद्यावरील चित्रासाठी नव्हे, साक्षीदार म्हणून आणिला. कुलूप हेलकावे घेत असता मुलांनी त्याचे मंदगतीचे चित्रण केले व तेच स्मार्ट बोर्डावर मोठे करून पाहिले. कुलूप टोकाशी जाऊन क्षणभर कसे थबकते, आणि घड्याळाची कळ दाबणारे बोट त्याच्या मागाहून कसे येते, हे सर्वांनी पाहिले. मग वाद जुंपला. बोट सुरुवातीस उशिरा पडते तसेच शेवटीही उशिरा पडते, तेव्हा दोन्ही उशीर एकमेकांस खाऊन टाकतात की काय? एका हेलकाव्याऐवजी दहा का मोजावे? या तासाला आम्ही फारच थोडे बोललो. यंत्र तेच, भिंत तीच. परंतु पहिल्या खेपेस ते मुलांस उत्तर देत होते, दुसऱ्या खेपेस मुलांनीच केलेले काम त्यांस दाखवीत होते.

मोबाईलमध्ये याहून पुष्कळ शक्ती दडलेली आहे. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने २०१६ साली फायफॉक्स नावाचे एक विनामूल्य ॲप काढले. त्याच्या योगाने मोबाईल हे मोजमापाचे उपकरण बनते. त्यातील ध्वनीवर चालणारे घड्याळ पहिला आवाज ऐकून सुरू होते व दुसरा ऐकून थांबते. शाळेच्या लांब व्हरांड्यात वीस मीटरवर दोन मोबाईल ठेवावे, प्रत्येकाजवळ एकेक मूल उभे करावे. एकाने टाळी द्यावी, मग दुसऱ्याने द्यावी. दोन्ही घड्याळांतील वेळेत सुमारे ०.११ सेकंदाचा फरक पडतो. कारण जाताना व येताना मिळून ध्वनीस चाळीस मीटर चालावे लागते. चाळिसास त्या फरकाने भागा, ध्वनीचा वेग हाती येतो, सेकंदास साडेतीनशे मीटरच्या आसपास. टाळी मुलाची, अंतर मुलाने मोजलेले, भागाकार मुलाचा. कानास व डोळ्यास जो क्षण पकडता येत नाही तेवढाच यंत्राने पकडला. यंत्राची जागा कोठे, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराच्या निमित्ताने घरोघर पोहोचले. पाठ्यपुस्तकावर छापलेल्या क्यूआर कोडांची वाहवा तेव्हा पुष्कळ झाली. परंतु एका लहान खेड्यातील मुले पडद्यावरून दूरदेशीच्या मुलांशी समोरासमोर बोलत, याचे मोल आम्हांस त्या कोडांहून अधिक वाटते. दूरची माणसे जवळ आणणे हे या यंत्राचे खरे सामर्थ्य होय. जी टेकडी जवळच आहे ती पडद्यावर दाखवून दूर करणे, हा त्याचा दुरुपयोग होय.

काही माता आम्हांस विचारतील, व त्यांचा प्रश्न रास्त आहे: "घरी मोबाईल देऊ नका म्हणून तुम्हीच सांगता, आणि शाळेत तुम्हीच हातात देता, हे कसे?" २०२० च्या मार्चपासून शाळा बंद होत्या तेव्हा एकाच मोबाईलवर दोन-तीन भावंडांचे वर्ग चालले, वडील दुकानात गेले की वर्गही त्यांच्या खिशातून दुकानात गेला, आणि त्या काळात जडलेली सवय अद्याप सुटत नाही, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत मोबाईल पाचच आहेत. ते शिक्षकांच्या मेजाच्या खणात राहतात, त्यांत खेळ नाहीत, व काम संपताच ते मोजून परत घेतले जातात. मोजपट्टी, काचनळी व चिमटा यांच्या यादीत त्यांचे नाव लिहिलेले आहे, आणि मुलेही त्यांस त्याच नजरेने पाहू लागली आहेत. घरच्या मोबाईलविषयी आमचे जुने मत कायम आहे.

एका गोष्टीसाठी मात्र आम्हांस यंत्राची फारच गरज पडली, व तीत आम्ही फसलोही. २० मार्चच्या सुमारास दिवस व रात्र समान असतात. त्या दिवशी भर दुपारी एक मीटर उंच काठीची सावली नागपुरास सुमारे ३८.७ सेंटीमीटर पडते. पणजीस, जी पुष्कळ दक्षिणेकडे आहे, ती केवळ २७.७ च्या आसपास पडते. दोन ठिकाणच्या सावल्यांवरून सूर्याच्या कोनांतील फरक काढता येतो, आणि दोन्ही गावांचे दक्षिणोत्तर अंतर ठाऊक असल्यास सबंध पृथ्वीचा परीघ काढता येतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इराटोस्थेनिसने मिसर देशात हेच केले. एकट्या शाळेस हे साधणारे नव्हे. म्हणून आम्ही पणजीजवळच्या एका शाळेतील शिक्षकबंधूंशी संधान बांधिले, आणि गतवर्षी दोन्हीकडील मुलांनी गच्चीवर काठ्या रोवून पडद्यावरून एकमेकांस पाहत सावल्या मोजल्या. आमची सर्वांत आखूड सावली १२ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास पडली व त्यांची आणखी २१ मिनिटांनी. एकच भारतीय वेळ पाळणाऱ्या दोन गावांची दुपार एकाच वेळी होत नाही, हे मुलांनी पाहिले तेव्हा जो गलका झाला, तो आजही कानांत आहे.

परंतु आमची सावली ४० सेंटीमीटर भरली व त्यांची २८. गणित केले तो पृथ्वीचा परीघ ३६,६०० किलोमीटर निघाला. खरा सुमारे ४०,००० आहे. मुलांची तोंडे उतरली. "सर, आकडा बदलायचा का?" असे मात्र या खेपेस कोणी विचारले नाही. दोन दिवस शोध चालला. अखेर, ज्या मुलीचे कुलूप खरे ठरले होते तिनेच काठीस सूत व कुलूप लावून पाहिले, आणि काठीचा माथा जेमतेम सव्वा सेंटीमीटर उत्तरेकडे झुकला आहे असे निघाले. तेवढ्याने हजारो किलोमीटरची पृथ्वी आकसली होती. त्या दिवशी आम्ही मुलांस कर्नल लॅम्ब्टन यांची हकीकत सांगितली. १८०२ पासून अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून वाहून नेत दक्षिणेकडून पृथ्वीचे माप घेत निघालेले हे गृहस्थ २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले, व तेथेच त्यांची कबर आहे. हिंगणघाट कोठे आहे हे सर्व मुलांस ठाऊक होते. लॅम्ब्टन कोणासही ठाऊक नव्हते.

२६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी सूर्य नागपूरच्या अगदी माथ्यावर येतो व उभ्या बाटलीची सावली तिच्या खालीच लपते. आकाशाने हा उत्तम धडा नेमका उन्हाळ्याच्या सुटीत ठेविला आहे. तेव्हा तो मुलांनी घरच्या गच्चीवर पाहावा, डोके झाकून व पाणी पिऊन.

ज्या सद्गृहस्थांनी प्रयोगशाळेच्या खोलीविषयी विचारले होते, त्यांस आमचे उत्तर असे की, ती खोली आम्हांस हवी आहे, आणि तेथील लाकडी मेजांच्या शेजारी एक जुना स्मार्ट बोर्डही मिळाल्यास हवा आहे. तसेच त्यांनी स्वतः येत्या २० मार्चला गच्चीवर यावे अशी विनंती आहे. आमच्या सातवीतील एका विद्यार्थ्याचे वडील गवंडी आहेत. त्यांनी आपला पितळी ओळंबा घेऊन येण्याचे व काठी स्वतः उभी करून देण्याचे कबूल केले आहे. काठी साडेअकरापर्यंत रोवली पाहिजे. पणजीची मुले बारा वाजता पडद्यावर येतील.